पक्ष खरा की खोटा हा मुद्दाच नाही. पैसे परत आले होते का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. विचारणारे गृहस्थ पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला आहेत. २०२१-२२ या आर्थिक वर्षात त्यांनी एका नोंदणीकृत, पण मान्यता नसलेल्या राजकीय पक्षाला चार लाख रुपये एनईएफटीने पाठवले. आयकर कायद्याच्या कलम ८० जीजीसीखाली (राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवरची करसवलत) पूर्ण वजावट घेतली, रिफंडही आला. देणगी दिल्यापासून आठवड्याभरात एजंटाने आपले पाच टक्के कापून तीन लाख ऐंशी हजार रोख घरी आणून दिले. आता १४८ए ची नोटीस, म्हणजे जुनं रिटर्न पुन्हा का उघडू नये असं विचारणारी नोटीस, आली आहे. एजंट म्हणतो, ‘देणगी खरी होती एवढंच लिहा, पक्षाचं पत्र मी आणून देतो.’ गृहस्थ विचारतात: पक्ष निवडणूक आयोगाकडे नोंदलेला, पावती हातात, पैसे बँकेतून गेलेले, मग गुन्हा कसला? आत जावं लागेल का? आणि ऑफिसातल्या दोघांना एजंटाचा नंबर मीच दिला होता, त्याचं काय?

मी फौजदारी वकिली करतो आणि त्यात आयकर खात्याने दाखल केलेल्या फिर्यादींची कामं बरीच असतात. उत्तराआधी एक सूचना. रोख परत आल्याची ही हकिगत तुम्ही चारचौघांत लिहिलीत, ती यापुढे लिहू नका. वकिलाला सांगितलेलं कायद्याने गोपनीय राहतं. सीएला सांगितलेल्याला ते संरक्षण नाही, आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तर नाहीच नाही.

आता मूळ मुद्दा. असा प्रश्न घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण पक्षाबद्दल बोलतो. पक्ष बोगस आहे का, आयोगाच्या यादीत आहे का, नंतर नाव काढलं गेलं का. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९ए खाली नोंदणी होणं फार अवघड नाही, आणि एकदा झालेली नोंदणी काही अपवाद सोडले तर आयोगाला रद्द करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. आयोग करतो ते यादीतून नाव काढण्याचं काम. २०२२ मध्ये पत्त्यावर सापडतच नाहीत असे पक्ष काढले. ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ पक्ष काढले, कारण सलग सहा वर्षं त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. तुमच्या पक्षाचं नाव यात असलं म्हणून तुम्ही आपोआप आरोपी होत नाही, आणि नसलं म्हणून सुटतही नाही.

खटला उभा राहतो तो एका साध्या गोष्टीवर: पैसे परत आले होते का? आहेराचं पाकीट व्यासपीठावर देऊन मांडवाच्या मागे त्यातली रक्कम परत घेतली, तर त्याला कोणी आहेर म्हणणार नाही. तुमचे चार लाख पक्षाच्या खात्यात गेले हे खरं, पण तुमच्या खिशातून कायमचे गेले ते वीस हजार, आणि तेही एजंटाची मजुरी म्हणून. म्हणजे रिटर्नमध्ये जी देणगी दाखवली ती झालीच नाही. पावती, एनईएफटी, नोंदणी हे सगळं खरं असूनही दावा खोटा ठरतो तो इथे.

‘रोख परत आली हे खात्याला कसं कळणार?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरात, महाराष्ट्र, दिल्ली, उत्तर प्रदेश अशा अनेक राज्यांत या छोट्या पक्षांवर एकाच वेळी छापे पडले. १४ जुलै २०२५ ला देशभरात १५० ठिकाणी तपासणी झाली. तीत रिटर्न भरून देणारे एजंटही होते आणि महाराष्ट्रही होता. अशा प्रकरणातली फाइल उघडली की आत साधारण काय असतं ते सांगतो. पक्षाच्या बँक खात्याचा उतारा असतो. त्यात सकाळी पन्नास-साठ पगारदारांचे पैसे जमा होतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तेच पैसे दोन-तीन फर्मच्या खात्यांत निघून जातात. कापड, सोनं, ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ अशी त्यांची नावं. त्या फर्ममधून रोख निघते. मग एजंटाच्या लॅपटॉपमधली एक्सेल शीट: देणगीदाराचं नाव, पॅन, रक्कम, ‘टक्का’, आणि शेवटच्या रकान्यात परत दिल्याची तारीख. कधी दहाच्या नोटेचा फोटोही सापडतो, कारण अंगडियाकडून, म्हणजे रोख पोचवणाऱ्या खाजगी कुरिअरवाल्याकडून, पैसे घेताना नोटेचा नंबर हीच खूण असते. आणि सगळ्यांत वर पक्षाच्या खजिनदाराचा शपथेवरचा जबाब: ‘आम्ही कमिशन घेऊन पैसे परत करत होतो.’ तुमच्या नोटिशीबरोबर यातलं काय जोडलं आहे ते आधी बघा. काही जणांना फक्त ‘अमुक पक्षावर छापा पडला, तुम्ही त्याला देणगी दिली होती’ इतकंच येतं. काहींच्या नोटिशीत शीटमधली त्यांची ओळच असते. या दोन प्रकरणांचा बचाव एकसारखा नसतो.

आता कलमं. तुमचं वर्ष जुनं असल्यामुळे १९६१ चाच आयकर कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्याने त्यात फरक पडत नाही. जाणूनबुजून कर चुकवण्याचा प्रयत्न म्हणजे २७६सी(१), आणि रिटर्नमध्ये खोटं विधान सत्य म्हणून प्रमाणित करणं म्हणजे २७७. तुम्ही रिटर्न भरलं तेव्हाच्या कायद्यात दोन्हींत शिक्षेची रेष पंचवीस लाखांवर होती. चुकवलेला कर त्याच्या वर असेल तर सहा महिने ते सात वर्षं, नसेल तर तीन महिने ते दोन वर्षं. दोन्हीकडे सक्तमजुरी आणि दंड. इथे मोजायचा तो कर, देणगी नव्हे. चार लाखांवर तीस टक्के आणि चार टक्के सेस धरून तुमचा आकडा १,२४,८०० होतो, म्हणजे तुम्ही खालच्या पायरीवर आहात. पण ‘किमान तीन महिने’ हे शब्द हलके घेऊ नका. पहिला गुन्हा, घरदार, नोकरी वगैरे पाहून चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडायची जी सोय इतर छोट्या गुन्ह्यांत मिळते, ती कलम २९२ए ने इथे बंद केली आहे. अठरा वर्षांखालच्यांनाच ती मिळते, आणि अठरा वर्षांखालचा कोण ८० जीजीसी घेतो!

दिलासा द्यायचा तर, २७९ए प्रमाणे हे गुन्हे अदखलपात्र आहेत. पोलिस दारात येऊन उचलून नेतील ही भीती डोक्यातून काढा. आधी आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, मग खातं कोर्टात फिर्याद करतं, समन्स निघतं, तुम्ही वकिलामार्फत हजर होता, जामीन होतो आणि तारखा सुरू होतात. त्या वर्षानुवर्षं चालतात. खरा जाच तोच. फौजदारी खटला चालू असताना पासपोर्टच्या नूतनीकरणाला कोर्टाची परवानगी लागते. ऑनसाइटला जाणाऱ्या माणसाला तुरुंगाआधी हेच बोचतं.

आता २७८ई, जे बहुतेकांना ठाऊक नसतं. साध्या फौजदारी खटल्यात आरोपीच्या मनात काय होतं तेही सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. इथे उलट आहे. देणगी खोटी होती ही वस्तुस्थिती खात्याने सिद्ध केली, की हेतू होता असं कोर्ट गृहीत धरतं. तो नव्हता हे तुम्ही दाखवायचं, आणि तेही वाजवी संशयाच्या पलीकडे. ‘रिटर्न एजंटाने भरलं, मला काही ठाऊक नव्हतं’ हा बचाव मग फार टिकत नाही. ई-व्हेरिफिकेशनचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आलेला असतो, रिफंड तुमच्याच खात्यात जमा असतो. जिथे एजंटाने माणसाला न सांगताच वजावटी घुसवल्या आणि पक्षाच्या खात्यात एक पैसाही गेला नाही, तिथे हा बचाव खरा असू शकतो. तुमच्या बाबतीत पैसे तुम्हीच पाठवले आहेत.

मग खटला होईलच का? हे खात्याच्या मनावर आहे, आणि कोणी छातीठोकपणे काही सांगत असेल तर सावध राहा. सीबीडीटी म्हणजे आयकर खात्याचं वरिष्ठ मंडळ. त्याच्या ९ सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे कराची रक्कम पंचवीस लाख किंवा कमी असेल, तर मुख्य आयुक्त किंवा महासंचालक दर्जाच्या दोन अधिकाऱ्यांच्या मंडळाची आगाऊ संमती घेतल्याशिवाय २७६सी(१) चं प्रकरण पुढे न्यायचं नाही. अशी परिपत्रकं कपाटात ठेवण्यासाठी नसतात, हे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजय कृष्णस्वामी प्रकरणात दाखवून दिलं. खात्याने स्वतःच्याच सूचना पाळल्या नाहीत म्हणून तो खटला रद्द झाला. माझ्या पाहण्यात एकट्यादुकट्या पगारदारांची प्रकरणं बहुतेक कर, व्याज आणि दंडावर मिटतात. फौजदारीचा भर पक्ष चालवणारे, एजंट आणि मोठ्या रकमावाल्यांवर असतो. पण यावर विसंबून राहू नका, कारण दोन गोष्टी तुमच्या विरुद्ध जातात. एक, या गुन्ह्यांना मुदतीचा कायदा लागत नाही. १९७४ च्या एका स्वतंत्र कायद्याने आर्थिक गुन्ह्यांची ती मर्यादा काढून टाकली आहे, त्यामुळे ‘तीन वर्षं झाली, आता काय करणार’ हे बरोबर नाही. दुसरी, असेसमेंट (खात्याने कर ठरवण्याचं काम) पूर्ण होईपर्यंत फिर्याद थांबलीच पाहिजे असंही नाही. हे १९८४ पासून ठरलेलं आहे.

म्हणजे इथपर्यंतचा हिशोब असा: गुन्हा कागदावर बसतो, अटक बहुधा नाही, खटला होण्याची शक्यता कमी पण शून्य नाही, आणि ती वाढवायची की कमी करायची हे बऱ्याच अंशी तुमच्या पहिल्या उत्तरावर आहे.

त्या उत्तराबद्दल जरा सविस्तर. एजंटाचं पत्र घेऊ नका. आज तयार झालेलं, मागची तारीख घातलेलं पत्र तुम्ही नोटिशीच्या उत्तराला जोडलंत, तर करचुकवेगिरीच्या प्रकरणात बनावट दस्तऐवज वापरल्याचा नवा गुन्हा तुम्ही स्वतःच्या सहीने वाढवता. कलम १३६ प्रमाणे खोट्या पुराव्याच्या बाबतीत असेसमेंटची कार्यवाही न्यायालयीन कार्यवाहीच समजली जाते. शिवाय नुसती आयकर चुकवणूक मनी लाँडरिंग कायद्याच्या परिशिष्टात नाही, पण फसवणूक आणि बनावट कागद वापरणं आहे. पक्षावर किंवा एजंटावर त्या कलमांखाली गुन्हा नोंदला गेला आणि तुमचं पत्र त्या साखळीत सापडलं, तर ईडीच्या समन्सला तोंड देण्याची पाळी येऊ शकते. सव्वा लाखाच्या करासाठी हे कोण ओढवून घेईल? एजंटाला मात्र ते पत्र हवं आहे. तुम्ही ‘खरी देणगी’ म्हणालात की त्याच्या बचावाला एक साक्षीदार मिळतो.

तुमच्या परिस्थितीत मी दावा मागे घ्यायला सांगेन. कसा, ते तारखांवर ठरेल. कलम १४८ ची, म्हणजे रिटर्न प्रत्यक्ष पुन्हा उघडल्याची, नोटीस निघालेली नसेल तर अपडेटेड रिटर्नचा, म्हणजे जादा कर भरून जुनं रिटर्न स्वतःहून दुरुस्त करण्याचा, रस्ता उघडा आहे की बंद झाला, हे १४८ए ची नोटीस कोणत्या दिवशी निघाली त्यावरून बघावं लागतं. २०२५ च्या वित्त कायद्याने ही मुदत ४८ महिन्यांपर्यंत नेली, पण तिसऱ्या वर्षी कर आणि व्याजावर साठ टक्के, चौथ्या वर्षी सत्तर टक्के जादा भरावे लागतात. महाग आहे, तरी दंडापेक्षा स्वस्त. जुलै २०२५ च्या कारवाईच्या वेळी खात्यानेच सांगितलं होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. त्या रांगेत वेळेत उभं राहिलेल्यांची अवस्था आज तुमच्यापेक्षा बरी आहे. रस्ता बंद झाला असेल तर १४८ च्या नोटिशीला उत्तर म्हणून जे रिटर्न भरायचं, त्यात वजावट घेऊ नका आणि कर व व्याज भरून चलन जोडा.

उत्तराची भाषा साधी ठेवा. वजावटीचा दावा मागे घेतो, कर भरला आहे, चलन सोबत. ‘मनःशांतीसाठी आणि वाद टाळण्यासाठी’ हे वाक्य सगळ्यांच्या उत्तरात असतं आणि त्याचा उपयोग नसतो. २०१३ मध्ये मॅक डेटा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची किंमत शून्य ठरवली आहे. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, पण कोणी विचारलेलं नसताना सगळी कहाणी लिहून द्यायचीही नाही. अधिकाऱ्याने शपथेवर जबाबाला बोलावलं तर वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नका.

दंडाचं सांगतो. खातं याला उत्पन्नाची चुकीची माहिती देणं म्हणतं आणि २७०ए खाली कराच्या दोनशे टक्के दंड लावतं, म्हणजे अडीच लाखांच्या घरात. वाचलेला निव्वळ फायदा एक लाख चार हजार आठशेचा होता, हे बाजूला लिहून ठेवा. कर आणि व्याज भरून, अपील न करता २७०एए खाली सूट मागता येते. तीत दंडाबरोबर २७६सी पासूनही संरक्षण मिळतं. पण ‘चुकीची माहिती’ या सदरात प्रकरण बसलं की २०२५ पर्यंत ती सूट मिळत नव्हती. मात्र ते कोणत्या पोटकलमात बसतं हे अधिकाऱ्याने आदेशात लिहिलंच नसेल, तर भांडायला जागा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा प्रकरणात करदात्याच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे आदेश आला की तो त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. अर्जाची मुदत आदेश मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून एक महिना आहे. आणि हेही लक्षात असू द्या की २७०एए मध्ये २७७ चा उल्लेख नाही, म्हणजे त्या गुन्ह्यापासून हे संरक्षण मिळत नाही.

फिर्याद दाखल झालीच, तर कंपाउंडिंग आहे. शुल्क भरून खात्याशी प्रकरण मिटवायचं. ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालं आहे. तत्त्वासाठी लढायचं म्हणणारे लोक मला आवडतात, पण तीन लाख ऐंशी हजार खरोखर हातात घेतलेल्याला मी तत्त्वाची लढाई लढायला सांगणार नाही.

हे वाचणाऱ्यांत ज्यांनी खरोखर देणगी दिली आणि एक पैसाही परत घेतला नाही असे कोणी असतील, तर त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. घाबरून दावा मागे घेऊ नका. खजिनदाराच्या जबाबाची प्रत मागा, त्याची उलटतपासणी मागा. ज्या साक्षीवर निर्णय उभा आहे तो साक्षीदार तपासायला न देणं ही गंभीर त्रुटी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या अंदमान टिंबर प्रकरणात म्हटलं आहे. आयकर अपिलं ऐकणाऱ्या ट्रिब्यूनलचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. पैसे परत आल्याचा माणसागणिक पुरावा नसेल तिथे वजावट टिकलेली आहे. फक्त ‘याच पक्षाला का दिले?’ याचं उत्तर तयार ठेवा. कोथरूडचा माणूस दुसऱ्या राज्यातल्या, कधी निवडणूक न लढवलेल्या पक्षाला वर्षाच्या पगाराचा पाचवा हिस्सा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देतो, तेव्हा न्यायाधीशही माणूसच असतो, त्याच्या भुवया वर जातात. पक्षाच्या कामाशी तुमचा आधीचा काही संबंध, पत्रव्यवहार, मागच्या वर्षांच्या देणग्या, जे असेल ते काढून ठेवा.

उरला सहकाऱ्यांचा विषय, आणि यात मला तुमची जास्त काळजी वाटते. दुसऱ्याला खोटं रिटर्न भरायला प्रवृत्त करणं किंवा मदत करणं हा कलम २७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा तीच. नुसता नंबर देणं आणि प्रवृत्त करणं यात अंतर आहे, पण ते अंतर चॅटमध्ये काय लिहिलंय त्यावर मोजलं जातं. ‘हा माणूस कर वाचवून देतो, बघ बोलून’ एवढंच असेल तर सांभाळता येईल. ‘मला पैसे परत मिळाले, तूही कर’ असं असेल, किंवा त्या दोघांच्या बदल्यात एजंटाने तुमचा टक्का कमी केला असेल, तर प्रकरण वेगळं होतं. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि इथे लिहूही नका. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. ते चॅट डिलीट करू नका. एजंटाच्या फोनमध्ये ते असणारच, आणि पुसल्याचीच तक्रार तुमच्यावर येईल.

त्या दोघांना नोटीस आली असेल तर त्यांनी स्वतंत्र वकील करावा, तुमचाच नको. आज तुम्ही तिघं एका बाजूला आहात. उद्या त्यांच्यापैकी एकाने ‘मला याने सांगितलं’ असं म्हटलं की तुमचा आणि त्यांचा वकील एक असू शकत नाही, आणि अर्ध्या वाटेवर त्याला दोन्ही वकालतनामे सोडावे लागतात. तिघांनी मिळून एकसारखं उत्तर लिहायचं ठरवलं असेल तर तेही आजच थांबवा. नोटिशीला उत्तर द्यायची शेवटची तारीख तिच्यातच छापलेली असते. ती जवळ आली असेल तर आधी पोर्टलवरून मुदतवाढ मागा, मग बाकीचं.